खामगावचा स्वरपारखी : जी. एन. जोशी

इसवी सन १९०९ हे वर्ष सुरांच्या दुनियेला विशेष लाभदायक ठरले. त्या वर्षी वऱ्हाडातील बुलडाणा जिल्ह्यात, खामगाव येथे गोविंद नारायण जोशी यांचा जन्म झाला. ज्यांचे नाव पुढे याच जिल्ह्यातील मेहकरशी कायमचे जोडले गेले, ते कवी नागोराव घनश्याम देशपांडे हेही त्याच वर्षीचे. आणि त्याच वर्षी सातासमुद्रापार, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लिओ फेंडर जन्मला. जोशी आणि देशपांडे या जोडीने मराठी भावगीताला ध्वनिमुद्रिकेचे दार उघडून दिले, तर फेंडरने जगाला बेस गिटार दिली. या तिघांच्या वाटा परस्परांपासून फार दूरच्या होत्या. तथापि हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांतून नेमका हवा तोच सूर कसा मिळवायचा, हा प्रश्न जोशी आणि फेंडर या दोघांच्याही आयुष्याच्या केंद्रस्थानी राहिला.

खामगाव, शेगाव, चिखली, मलकापूर येथील ऑर्केस्ट्रात वाजवू पाहणाऱ्या तरुणालाही आज हाच प्रश्न पडतो. खिशात पैसे थोडे. बेस गिटार कोणती घ्यावी, तारा कोणत्या लावाव्यात, अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा असावा, इफेक्टची पेडल आधी घ्यावी की नंतर? जी. एन. जोशी यांनी वाद्यांचे दुकान कधी चालवले नाही. पण कोणत्या आवाजाला काय हवे आणि काय नको, याची पारख करण्यातच त्यांची हयात गेली. म्हणूनच त्यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर शोधताना उपयोगी पडते.

वकिली आणि गाणे

खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जलंब स्थानकातून खास या बाजारासाठी रेल्वेचा फाटा काढण्यात आला, यावरून तेथील व्यापाराची कल्पना यावी. अशा गावातील पांढरपेशा घरातील हुशार मुलाने नागपूरला जाऊन शिकावे आणि वकील व्हावे, हा त्या काळचा राजमार्ग होता. जोशी यांनीही कायद्याची पदवी घेतली. मात्र गाणे त्यांची पाठ सोडीत नव्हते.

मराठी माणसाचे गाणे तेव्हा प्रामुख्याने नाट्यपदांचे आणि कीर्तन-भजनांचे होते. छापील कवितेला चाल लावून ती शब्दांचा भाव सांभाळत, तानांचा पसारा आवरून म्हणायची, ही कल्पना नवी होती. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जोशी यांच्या हाती आली, तिला त्यांनी चाल लावली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. ती घरोघरी पोहोचली. मराठी भावगीताच्या आद्य ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. कविता लिहिणारा मेहकरचा आणि ती गाणारा खामगावचा. दोघेही वकील, दोघेही समवयस्क आणि दोघेही एकाच जिल्ह्याचे. ‘शीळ’ याच नावाचा देशपांडे यांचा काव्यसंग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे कवीचे पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी सुमारे दोन दशके त्याची कविता श्रोत्याच्या ओठांवर होती. देशपांडे यांना पुढे १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तीन मिनिटांची शिस्त

त्या तबकडीची मर्यादा समजून घेतल्याशिवाय जोशी यांच्या कामाचे मोल कळत नाही. दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड थाळीवर होई. एकदा सुई मेणात रुतली की गायकाला मागे फिरणे नसे. चूक झाली तर ती थाळी बाद करून पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. आज संगणकावर एकेक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर कमी-जास्त करता येते, तशी सोय नव्हती. गायक आणि साथीदार एकाच खोलीत, बहुधा एकाच मायक्रोफोनसमोर असत.

साहजिकच वाद्यांची निवड हा चैनीचा विषय नव्हता. पेटी, तबला, सारंगी किंवा व्हायोलिन एवढाच बहुधा सरंजाम असे. त्यात एक वाद्य वाढवले की गायकाच्या शब्दांवर सावली पडणार, हे ठरलेले. तबला जवळ बसवला तर त्याच्या दणक्याने मुद्रण बिघडे, दूर बसवला तर तो हरवून जाई. आवाज कमी-अधिक करण्याचा मुख्य उपाय एकच : वादकाला मायक्रोफोनपासून दोन हात पुढे किंवा मागे सरकवणे. आज अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंट्या फिरवून आणि पायाखालच्या पेडल दाबून जे साधतात, ते तेव्हा सतरंजीवरच्या जागेने साधले जाई. त्यासाठी पैसा लागत नसे, कान लागत असे.

भावगीताचा बांधा याच शिस्तीतून घडला. मुखडा लवकर यावा, अंतरे मोजके असावेत, शब्द स्पष्ट उमटावेत आणि वाद्याने दोन ओळींमधली जागाच तेवढी भरावी. जोशी यांनी पुढे गंगूबाई हनगल यांच्यासमवेत युगुलगीतेही गायिली. गंगूबाईंच्या तेव्हाच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नाव गांधारी असे छापले जाई.

काचेपलीकडे

गायक म्हणून नाव झालेल्या या वकिलाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मोठा निर्णय घेतला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही मुद्रा असलेल्या ग्रामोफोन कंपनीत त्यांनी ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून नोकरी पत्करली. वकिलीचा राजमार्ग सुटला. शिवाय स्वतःच्या गळ्यापेक्षा इतरांच्या गळ्याची काळजी वाहण्याचे काम अंगावर आले. गायकाचे नाव तबकडीवर ठळक छापले जाते. त्याला गायला राजी करणारा, त्याचा राग आणि वेळ ठरवून देणारा, साथीदार निवडणारा अधिकारी श्रोत्याला ठाऊकही नसतो. लोकप्रियता हाती असताना अशी जागा पत्करणे सोपे नव्हते.

मात्र याच खुर्चीवरून त्यांनी जे केले, ते एका गायकाच्या कारकिर्दीत मावले नसते. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर यांच्यासारख्या दिग्गजांशी त्यांचा ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने निकटचा संबंध आला. तासन् तास राग फुलवणाऱ्या कलावंताला तीन मिनिटांत रागाचा अर्क द्यायला सांगणे हे मुत्सद्देगिरीचेच काम. जोशी स्वतः गाणारे असल्याने कलावंताला काय बोचते, हे त्यांना आतून कळत होते.

खर्जाचे कोडे

या काळातील तबकड्यांचा एक मोठा दोष म्हणजे खर्ज. विजेवर चालणारे मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास रूढ झाले. तरी सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या खालचा सूर तबकडीवर धड उतरत नसे. घरातल्या लहान कर्ण्यातून तो ऐकूही येत नसे. असे असूनही खालचा षड्ज श्रोत्याला जाणवे. याचे कारण कानाच्या रचनेत आहे. मूळ स्वर हरवला तरी त्याचे वरचे उपस्वर स्पष्ट असतील तर मेंदू त्यांच्यावरून खालचा स्वर ताडून घेतो.

तंबोऱ्याच्या कारागिरांनी या गुणाचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. घोडीची जवारी नीट काढून तारेखाली सुताचा एक तुकडा, म्हणजे ‘जीव’, योग्य जागी सरकवला की एकाच तारेतून उपस्वरांचे मोहोळ उठते. खर्जाची जाड पितळी तार भरदार आणि भारदस्त वाटते ती त्यामुळेच. दमडीच्या सुताने होणारा हा परिणाम आजच्या कोणत्याही महागड्या इफेक्ट पेडलला विचार करायला लावील.

पाश्चात्त्य संगीतात खर्जाची ही जबाबदारी डबल बासवर होती. माणसापेक्षा उंच असलेले हे वाद्य वाहून नेणे कठीण, पडदे नसल्याने सुरात वाजवणे कठीण आणि ढोल-कर्ण्यांच्या गदारोळात ऐकू येणे त्याहून कठीण. रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या आणि स्वतः गिटार वाजवायला कधीही न शिकलेल्या लिओ फेंडरने १९५१ साली त्यावर तोडगा काढला. सुमारे १०६ सेंटीमीटरची तार त्याने ८६ सेंटीमीटरवर आणली, गळ्याला पडदे ठोकले आणि तारेखाली चुंबकीय पिकअप बसवला. तार आखूड झाली की सूर चढतो. तो खाली ठेवायचा तर तारेचे वजन वाढवावे लागते. नुसती जाड तार ताठर होते आणि बेसूर बोलते. म्हणून बारीक तारेवर दुसऱ्या तारेचे वेटोळे घालतात. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढा खोल आवाज नेहमीच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही, म्हणून फेंडरने पुढच्याच वर्षी बेससाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायरही बाजारात आणला. मुंबईच्या चित्रपट संगीतातही कालांतराने हे वाद्य रुळले आणि १९७० च्या दशकात राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतून सर्वसामान्य श्रोत्याच्या कानी ठळकपणे पडले.

खोऱ्यातली हाक

दरम्यान जोशी यांच्या हातातली साधने बदलत होती. चुंबकीय फीत आली, चूक सुधारण्याची सोय झाली. पाठोपाठ एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजणारी लाँग प्लेइंग तबकडी आली. तीन मिनिटांचा तुरुंग संपला. अशा वेळी वाद्यांची गर्दी करण्याचा मोह कोणालाही झाला असता. जोशी यांची निर्मिती असलेल्या, १९६७ साली मुद्रित झालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत मात्र मोजून चारच वाद्ये प्रमुख आहेत : शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी या रागांतून उलगडत जातो.

संतूर, बासरी आणि गिटार वाजवणारे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे होते. रागदारीच्या मैफलीत संतूर नवखे, गिटार तर परकीच मानली जाई. या तरुणांवर आणि या वाद्यांवर कंपनीची तबकडी खर्ची घालणे हा जोखमीचा सौदा होता. तो फळला. हिंदुस्थानी संगीताच्या सर्वाधिक खपाच्या तबकड्यांत तिची गणना झाली आणि परदेशांतील असंख्य श्रोत्यांची हिंदुस्थानी संगीताशी पहिली ओळख तिच्यामुळे झाली.

या तबकडीतील वाद्ये बारकाईने पाहिली तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. संतूर हे काश्मीरच्या सुफियाना परंपरेतील शंभर तारांचे वाद्य; शिवकुमार शर्मा यांनी त्याच्या तारा आणि घोड्यांची मांडणी बदलून ते रागदारीच्या उपयोगी आणले. काब्रा यांच्याकडील गिब्सन सुपर ४०० ही अमेरिकी बनावटीची उंची गिटार. पण दुकानातून आली तशी ती त्यांच्या कामाची नव्हती. मींड काढायची तर तार पडद्यावर दाबून भागत नाही. तारेवरून धातूचा तुकडा अखंड सरकावा लागतो. त्यासाठी गळ्याच्या टोकाची पट्टी उंच करून तारा पडद्यांपासून वर उचलाव्या लागल्या आणि सुराच्या आधारासाठी वेगळी तार चढवावी लागली. वाद्याच्या किमतीच्या मानाने हा बदल किरकोळ. पण गिटारीतून राग बोलू लागला तो त्या किरकोळ बदलामुळेच.

निवडीचा क्रम

जोशी यांच्या कामातून वाद्यखरेदीसाठी एक क्रम स्पष्टपणे हाती लागतो : आधी गाण्याला काय हवे ते ठरवावे, मग वाद्य, मग त्याची जुळणी आणि सर्वांत शेवटी सजावट. बेस गिटार घेणाऱ्या तरुणाला हाच क्रम लागू पडतो.

पहिली कसोटी वाद्याच्या गळ्याची. तो सरळ हवा, खुंट्या घट्ट हव्यात आणि सूर लावल्यावर तासभर तरी टिकायला हवा. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या नेमका वरच्या सप्तकात आला पाहिजे. न आल्यास घोडीवरून तारेची लांबी जुळवून घ्यावी. वापरलेले वाद्य घेण्यात कमीपणा नाही. मात्र गळा पिळवटलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पिकअप आणि वायरिंग नंतर बदलता येते, गळा बदलणे परवडत नाही. चार तारांची साधी गिटार भजनी मंडळापासून ऑर्केस्ट्रापर्यंत बहुतेक सर्व गाण्यांना पुरते. हात लहान असेल तर आखूड गळ्याची गिटार सोयीची. तिच्या तारा कमी ताणाच्या असतात, खर्ज मात्र थोडा सैल बोलतो.

दुसरी गोष्ट जुळणीची. जाणत्या कारागिराकडून तारांची उंची आणि गळ्याचा बाक ठीक करून घेतला तर साधी गिटारही महाग गिटारीच्या जवळ जाते. तारांचे मुख्य प्रकार दोन. गोल वेटोळ्याच्या तारांचा आवाज लखलखीत असतो, पण घामाने त्या लवकर मंदावतात. चपट्या वेटोळ्याच्या तारा महाग असल्या तरी वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांचा आवाज जुन्या गाण्यांसारखा गोल, घुमारेदार असतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या तर कोणत्याही प्रकाराचे आयुष्य वाढते.

तिसरा क्रम अ‍ॅम्प्लिफायरचा. घरी सरावाला २० ते ३० वॅटचा लहान बेस अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. ड्रमच्या जोडीला मंचावर वाजवायचे तर शंभर वॅट आणि त्याहून अधिक शक्ती लागते, कारण खालचे सूर हवा हलवण्यात फार शक्ती खातात. नेहमीच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेस जोरात वाजवू नये. स्पीकर फाटण्याचा धोका असतो. गावच्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्थेला थेट जोडणी मिळत असेल तर मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याची घाई नको. एक चांगला डीआय बॉक्स काम भागवतो.

इफेक्ट सर्वांत शेवटी. बेसला मुळात त्यांची गरज फार थोडी. आवाज सारखा राखणारा कॉम्प्रेसर आणि सूर जुळवणारा ट्यूनर एवढ्यावर बहुतेक गाणी पार पडतात. बाकीचा फरक बोट पिकअपच्या पुढे ठेवले की मागे, यानेच पडतो. मायक्रोफोनसमोर वादकाला दोन हात सरकवण्याची जुनी युक्ती ती हीच.

उत्तरायुष्य

ग्रामोफोन कंपनीतील दीर्घ सेवेनंतर जोशी यांनी आपल्या आठवणी शब्दबद्ध केल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत ‘डाऊन मेलडी लेन’ ही त्यांची पुस्तके हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचा महत्त्वाचा आधार ठरली आहेत. मोठमोठे कलावंत काचेपलीकडे कसे वागत, कसे रुसत आणि कसे फुलत, याचे दर्शन त्यांतून घडते. १९९४ साली त्यांचे निधन झाले. लिओ फेंडर १९९१ साली गेला होता, मेहकरचे ना. घ. देशपांडे २००० साली गेले.

मेणाच्या थाळीपासून स्टिरिओ तबकडीपर्यंत ध्वनिमुद्रणाची सारी स्थित्यंतरे जोशी यांच्या डोळ्यांदेखत घडली. साधने वाढत गेली, किमती वाढत गेल्या. पण ‘शीळ’च्या काळी हाती होती तेवढीच मोजकी वाद्ये त्यांच्या सर्वांत गाजलेल्या निर्मितीतही आहेत. साधन कमी पडले म्हणून त्यांचे गाणे अडले नाही आणि साधन मुबलक झाले म्हणून त्यांनी ते उधळले नाही. बुलडाणा जिल्ह्यात आज पहिल्यांदा बेस गिटार खांद्याला लावणाऱ्या मुलाने आपल्याच मातीतल्या या पारख्याकडून घ्यावे ते एवढेच.